पट्ट्याची बिजागरी, कडे आणि कोयंडा : भट्टीवरच्या नोंदी

४ नोव्हेंबर

काम ठरले. एका जाड, जुन्या घाटाच्या लाकडी दारासाठी दोन पट्ट्याच्या बिजागऱ्या, ओढायला पिळाचे कडे आणि त्यामागची चकती, कडी-कोयंडा, आणि हे सगळे दारात बसवायला घडीव खिळे. बिजागरीचा पट्टा दाराच्या रुंदीच्या दोन तृतीयांशापर्यंत जाईल. त्याच्या टोकाला मधोमध एक पान आणि दोन्ही अंगांना बाहेर वळलेली एकेक वेल.

आराखडा कागदावर न काढता जाड पत्र्यावर खडूने काढला, खऱ्या मापाचा. भट्टीतून निघालेला तुकडा कागदावर ठेवता येत नाही, पत्र्यावर सरळ रेघेवर ठेवून पाहता येतो आणि लगेच परत ऐरणीवर नेता येतो. वेलीची लांबी काढायला बांधणीची तार रेघेवरून फिरवली, मग सरळ करून मोजली.

माल : ४० बाय ६ ची पट्टी, १६ आणि १२ मिमीचे चौरस गज, खिळ्यांसाठी ८ चा चौरस गज. सगळे साधे माइल्ड स्टील. बिजागरीच्या नळकांड्यासाठी लागणारी लांबी आधीच धरावी लागते. नळकांड्यात बसणारी, जिच्याभोवती बिजागरी फिरते ती खिळी १२ मिमीची आणि पट्टी ६ ची, म्हणजे पट्टीच्या जाडीच्या मध्यावरचा व्यास १८. १८ गुणिले ३.१४ म्हणजे साधारण ५६.५ मिमी. एवढी पट्टी गुंडाळण्यात जाणार. आतला व्यास धरला तर नळकांडे अपुरे पडते, बाहेरचा धरला तर उरते. मधली रेषाच खरी, कारण वाकवताना बाहेरची बाजू ताणते, आतली दबते, मधली तेवढीच राहते.

भंगाराच्या ढिगातली चकाकणारी पट्टी बाजूला काढली. तिच्यावर जस्ताचा मुलामा होता. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि घडाईचा ताव त्याच्याही वर असतो. म्हणजे भट्टीत घातली की जस्ताची वाफ होणार, तिचा पांढरा धूर छातीत जाणार. त्याचा ताप लगेच येत नाही, काही तासांनी येतो : थंडी वाजते, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते. बहुतेक वेळा दिवस-दोन दिवसांत उतरतो, पण कारण कळत नसल्याने माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पट्टी तापवायला बसतो. कॅडमियमचा मुलामा तर याहून फार घातक, त्याच्या धुराने फुप्फुसे सुजून जीव जाऊ शकतो. क्रोमचा मुलामाही तापवायचा नाही. मुलामा कशाचा आहे हे नुसते बघून ठरवू नये. माझा नियम सोपा आहे : काळे, मुलामा नसलेले लोखंडच भट्टीत जाईल.

७ नोव्हेंबर

आज घडाई नाही, जागा लावली. भट्टी, ऐरण आणि व्हाइस यांचा त्रिकोण असा, की भट्टीकडून ऐरणीकडे वळताना एकच पाऊल पडावे. हे अंतर वाढले की दोन गोष्टी एकदम बिघडतात. ताव वाटेतच उतरतो, आणि हातात लाल गज घेऊन चालण्याचे अंतर वाढते. चांगल्या कामाची सोय आणि जिवाची सोय किती वेळा एकच निघते, हे या धंद्यात पदोपदी दिसते. म्हणून मी या दोन्हींसाठी वेगवेगळ्या वह्या ठेवत नाही.

ऐरणीची उंची हात खाली सोडून मूठ वळल्यावर बोटांचे सांधे जिथे येतात तिथवर. ऐरण ठेंगणी असली की कंबर वाकते, उंच असली की खांदा उचलून मारावे लागते आणि हातोडीचा काठ पट्टीत रुततो.

फरशीच्या काँक्रीटवर भट्टीच्या बाजूने लोखंडी पत्रा टाकला. लाल तुकडा उघड्या काँक्रीटवर पडला की आतला ओलावा वाफ होऊन वरचा पापुद्रा तडकून उडतो. लाकडी भुसा, चिंध्या, रंगाचे डबे, थिनर सगळे खोलीबाहेर. ब्रेक साफ करायचे काही फवारे क्लोरिनवाले असतात. त्यांनी पुसलेले लोखंड न वाळवता तापवले तर फॉस्जीन वायू तयार होतो, तोही विषारी. म्हणून तेलकट माल पुसायला साबण आणि पाणी, नंतर पूर्ण सुकवणे.

भट्टीवर धुराडे आहे. तरी समोरासमोरची दोन दारे उघडी राहतील. कोळशाचा असो की गॅसचा, जाळ हवेला तुटपुंजा पडला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे आणि मळमळ हीच त्याची खूण, आणि ती दगदगीच्या नावावर सहज खपते. भिंतीवर त्याचा इशारा देणारे यंत्र लावले. गॅसची टाकी खोलीबाहेर ठेवली. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो.

उजेड मंद ठेवला. लोखंडाचा रंग उन्हात वाचता येत नाही. भर उन्हात जे काळे दिसते ते अंधाऱ्या कोपऱ्यात लालसर असते.

९ नोव्हेंबर

हत्यारांची पाहणी. छिन्न्यांची आणि सुंब्यांची (ठोकून भोक किंवा खूण पाडायच्या हत्यारांची) डोकी मार खाऊन छत्रीसारखी फाकतात. त्या फाकलेल्या कडेचा तुकडा घाव बसताच सुटून उडतो, म्हणून तशी सगळी डोकी घासून पुन्हा निमुळती केली. हातोड्यांचे दांडे आणि पाचरी तपासल्या. हातोडीच्या तोंडाची कड गोल केली. टोकदार कड पट्टीवर व्रण करते, आणि चुकून ऐरणीच्या कडक तोंडावर आपटली तर चिरफळी उडते. हातोडीवर हातोडी कधीच मारायची नाही, तेही याच कारणाने.

सगळ्यात जास्त वेळ सांडश्यांवर घालवला. ४० च्या पट्टीसाठी वेगळी सांडशी, चौरस गजासाठी वेगळी, गोलासाठी वेगळी. माल पकडल्यावर जबड्याची दोन्ही अंगे समांतर हवीत. टोकालाच पकडत असेल किंवा मुळाशीच, तर पहिल्या तिरक्या घावाला तुकडा फिरतो आणि उडतो. जबडा बसत नसेल तर सांडशी लाल करून त्याच मालावर ठोकून बसवायची, पाच मिनिटांचे काम. ढिल्या सांडशीला मूठ आवळून पकडावे लागते, त्याने संध्याकाळपर्यंत मनगट आखडते आणि पकड उलट कमी होते. लांब कामासाठी सांडशीच्या दांड्यांवर सरकणारी कडी घातली, म्हणजे पकड कडी धरते आणि हात फक्त दिशा देतो.

कपडे : सुती जाड सदरा, चामड्याचा एप्रन, चामड्याचे बंद बूट, पँट बुटावरून बाहेर. पँट बुटात खोचली की खपली, म्हणजे तापल्या लोखंडावरून सुटणारा काळा पापुद्रा, थेट आत जाते. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटते, ते भट्टीजवळ नको. हातोडीच्या हातात मी मोजा घालत नाही, दांडा बोटांना जाणवला पाहिजे. सांडशीच्या हातात चामड्याचा सैल मोजा, झटक्यात निघेल असा. आणि तो कोरडाच हवा. ओल्या मोज्याने गरम गज धरला तर आतले पाणी वाफ होते आणि उघड्या हातापेक्षाही वाईट भाजते.

१२ नोव्हेंबर

पट्टीची टोके फाडायची होती. आधी थंडपणी दोन रेघा आखून ४० चे तीन भाग केले : मध्ये १४, बाजूंना १३-१३. फाट जिथे थांबायला हवी तिथे ६ मिमीची भोके पाडली. गोल भोकात फाट संपली की पुढे चीर जात नाही. ड्रिलवर भोक पाडताना पट्टी क्लॅम्पमध्ये आवळली आणि दोन्ही हातांतले मोजे काढले. फिरणाऱ्या यंत्राजवळ मोजा म्हणजे हात आत ओढून नेणारा दोर.

फाडणीला पुतण्या घणावर होता. काम सुरू करण्याआधी खुणा पक्क्या केल्या. माझी छोटी हातोडी तापल्या लोखंडावर जिथे टेकते, तिथे आणि तेवढ्याच जोराने त्याचा घण. मी हातोडी ऐरणीच्या कडेवर टेकवली की घण थांबला. आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून तोंडाने काही ठरवलेच नाही. त्याने विचारले, “काका, तुमची हातोडी उचललेलीच राहिली तर?” तर घण खाली यायचाच नाही. शंका असेल तेव्हा थांबायचे, हा एकच जास्तीचा नियम.

छिन्नी लांब दांड्याची घेतली, म्हणजे माझी बोटे घणाच्या वाटेत नाहीत. ऐरणीच्या तोंडावर फाडणी करत नाही. खाली मऊ लोखंडाची पट्टी टाकायची, नाहीतर आरपार गेलेली छिन्नी कडक तोंडावर आपटते आणि धार आणि ऐरण दोन्ही जातात. दर तीन-चार घावांनी छिन्नी पाण्यात. फाट पूर्ण होत आली की मी हातोडी हलकी केली, घणही हलका झाला. शेवटच्या घावाला जोर असेल तर तुटलेला गरम तुकडा कुठेही उडतो. तो कोणत्या बाजूला जाईल ते आधी बघायचे आणि तिथे कुणी उभे राहायचे नाही.

काम संपताच ऐरणीच्या चौकोनी भोकातली उभी छिन्नी काढून ठेवली. ती तिथे उभी असताना शेजारी हातोडी मारणे म्हणजे बोटे तिच्या धारेवर नेणे.

१३ नोव्हेंबर

कान. बंद खोलीत ऐरणीचा खणखणाट १०० डेसिबलच्या वर सहज जातो. ८५ डेसिबलला आठ तास ही बहुतेक मान्य मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा धरला तर १०० ला उरतो पाव तास. अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने लिहून ठेवले आहे की दिवसभर तांबे ठोकणारे कारागीर आधी कानाने मंद होतात आणि म्हातारपणी बहिरे. ऐरणीच्या कमरेला जाड साखळी गुंडाळली आणि मागच्या अंगाला खालून मोठे लोहचुंबक चिकटवले, त्याने घणघण बरीच उतरली. तरी कानात बोळे आहेतच, पुतण्यालाही.

१५ नोव्हेंबर

पहिले पान. या अख्ख्या कामात मला सगळ्यात आवडते ते हे, म्हणून सविस्तर लिहितो.

बाजूच्या दोन पट्ट्या आधी लाल करून बाहेर वाकवल्या, म्हणजे मधल्या १४ च्या पट्टीपर्यंत हातोडी पोचते. आता तिला केशरी-पिवळा ताव, अंदाजे ११०० अंश. आधी टोक निमुळते केले, चारी बाजूंनी, पट्टी पाव वळणाने फिरवत. टोक लांब काढायचे नाही, आखूड आणि जाडच ठेवायचे, कारण पानाची रुंदी याच मालातून येणार आहे. मग मान काढली. पट्टी ऐरणीच्या गोल केलेल्या कडेवर टेकवून हातोडीचा अर्धा भाग ऐरणीबाहेर ठेवून घाव घातला की कड खालून रुतते, हातोडी वरून, आणि मधे देठ राहतो. पाव वळण देऊन पुन्हा तेच. देठ आणि पान यांच्यामधला हा खांदा स्वच्छ निघाला तरच पान पान दिसते, नाहीतर चपटा चमचा दिसतो.

आता पान पसरवणे. हातोडीच्या आडव्या, अरुंद तोंडाने मधल्या रेषेपासून कडेकडे तिरके घाव. माल घावाच्या रेषेला काटकोनात सरकतो, म्हणून प्रत्येक घाव कुठल्या दिशेने पसरवणार हे हातोडी उचलायच्या आतच ठरलेले असते. मधला भाग जाड ठेवला, कडा दोन मिमीपर्यंत पातळ केल्या. पातळ कडा सगळ्यात आधी निवतात. इथेच घाई करणारा हात आणखी दोन घाव घालतो. रंग गडद लाल झाला की हातोडी थांबली पाहिजे. त्याखाली माल सरकत नाही, नुसता आपटतो, झटका सांडशीत येतो आणि पकड सुटते. लाली पूर्ण गेल्यावरही, साधारण २०० ते ३५० अंशांत, साधे लोखंड ठिसूळ होते. त्या तावात पातळ कडा वाकवली तर चीर जाते.

पान पुन्हा तापवताना भट्टीत टोक खोल खुपसायचे नाही. पातळ टोक जाड देठाच्या कितीतरी आधी पिवळे-पांढरे होते आणि फुलबाजीसारख्या ठिणग्या सुटल्या की ते जळले. जळलेले लोखंड परत येत नाही, कापून टाकावे लागते. म्हणून ताव देठाला, आणि टोक जाळाच्या कडेला.

प्रत्येक तावानंतर तारेच्या ब्रशने खपली झाडली. ती ठोकली गेली तर पानावर खड्डे पडतात. आणि ती उडते, म्हणून डोळ्यांवर बाजूने झाकणारा चष्मा. भट्टीत टक लावून बघायचे असेल तर साधी काच पुरत नाही, कारण तापल्या भट्टीतली अवरक्त किरणे डोळ्याच्या भिंगाला वर्षानुवर्षे इजा करतात आणि मोतीबिंदू होतो. काच कामगारांचे निळसर डिडिमियमचे चष्मे सोडियमची पिवळी झगमग थांबवतात, अवरक्त नाही. मी वेल्डिंगची हलकी, ३ नंबरची काच वापरतो.

१७ नोव्हेंबर

शिरा उठवायला सुंबे हवेत. एका जुन्या पाट्याच्या स्प्रिंगचा पोलादी तुकडा घेतला, मुलामा नसलेला. टोके घडवली, कानशीने आकार दिला. आता पाणी देणे, म्हणजे तापवून एकदम निववून कडक करणे. लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत तापवले, ते साधारण ७७० अंशांना होते, त्याच्या थोडे पुढे नेले, आणि वनस्पती तेलात सरळ खाली. अर्धवट बुडवायचे नाही. अर्धा गरम भाग तेलाच्या पृष्ठाशी राहिला की तिथेच भडका होतो. तेल लोखंडी डब्यात, डब्याला लोखंडी झाकण, झाकण डाव्या हाताला. डब्यात पाण्याचा थेंबही नसावा, तळचे पाणी उकळून जळते तेल बाहेर फेकते. पेटलेच तर झाकण, पाणी कधीच नाही. वापरलेले इंजिन ऑइल मी घेत नाही, त्यात काय काय विरघळलेले आहे ते धुरातून छातीत जाते.

पाणी दिलेला सुंबा काचेसारखा ठिसूळ असतो. टोक घासून चकाकवले आणि मागच्या बाजूने हळूहळू शेक दिला. पिवळा रंग टोकाकडे सरकला, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा टोकाशी पोचताच थांबवले. डोके मात्र मुद्दाम मऊ ठेवले. कडक डोक्यावर हातोडी पडली तर तुकडा उडतो.

पानांच्या आकारांचे साचे वापरून एकसारखी पाने काढायची पद्धत मध्ययुगात चांगलीच मुरली होती. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत राणी एलेनॉरच्या समाधीवरची जाळी थॉमस ऑफ लेटन या लोहाराने १२९४ मध्ये केली. तिच्यातली पाने-फुले तापल्या लोखंडावर साचा ठोकून उठवलेली आहेत. मला मात्र इथे दोनच बिजागऱ्या करायच्या आहेत, आणि दोन पाने थोडी वेगळी निघालेली हवीच आहेत. म्हणून साचा नाही, सुंबाच.

२० नोव्हेंबर

वेली आणि नळकांडी. वेलीचे टोक आधी ऐरणीच्या कडेवर हलक्या हाताने गुंडाळले, पुढचा वळसा दोन खुंट्यांच्या फोर्कमध्ये. पहिला वळसा बिघडला की पुढचे सगळे बिघडते, म्हणून त्याला सर्वांत जास्त वेळ.

नळकांड्याला पट्टीचे दुसरे टोक घेतले. ऐरणीच्या कडेबाहेर थोडे काढून खाली वळवले, उलटून परत आपल्याकडे ठोकत गुंडाळले. शेवटी खिळीच्या मापाचा गज आत घालून भोवती आवळले. हा गज निवायच्या आधी काढायचा. १२ मिमीचे भोक लाल तावातून थंड होताना दशांश मिमीएवढे आवळते आणि गज आतच अडकतो. मी १२.५ चा गज वापरला, म्हणजे १२ ची खिळी मोकळी फिरेल.

चौकटीत जाणारे खुंटे १६ च्या गजाचे. शेपूट निमुळती, मग काटकोन, मग वरची खिळी गोल १२ ला. काटकोनाच्या आतल्या कोपऱ्यात दुमड पडू दिली नाही. तिथे दुमडीची रेघ राहिली तर दाराचे सगळे वजन त्याच रेघेवर येते. आधी गोल वळण, मग कोपऱ्यात माल परत ढकलत ढकलत काटकोन.

२४ नोव्हेंबर

कडे. आतला व्यास ९०, गज १२ चौरस, म्हणजे मधला व्यास १०२ आणि लांबी ३२० मिमी. जोडाच्या तिरक्या टोकांसाठी वर थोडी जास्त.

पीळ आधी, वळण नंतर. मधला पट्टा एकसारखा केशरी केला, एक टोक व्हाइसमध्ये, दुसऱ्यावर दोन दांड्यांचा पाना, आणि एका दमात फिरवले. जिथे जास्त गरम तिथे पीळ दाट पडतो. दाट व्हायला लागलेल्या जागी पाण्याची बारीक धार सोडली की ती जागा थांबते आणि बाकीची पुढे जाते. वाकलेला गज लाकडी ठोकळ्यावर लाकडी हातोड्याने सरळ केला, लोखंडी हातोडीने पिळाच्या धारा बसतात. लाकूड धुमसते, काम झाल्यावर ठोकळा पाण्यात.

जोड : टोके तिरकी केली, कडे वळवले, टाकणखार टाकला. टाकणखार वितळून खपली विरघळवतो आणि हवा अडवतो. ताव १२५० च्या वर, पृष्ठ ओले, लोण्यासारखे चकाकते आणि एखाददुसरी ठिणगी सुटू लागते. आता पहिले घाव हलके. वितळलेला टाकणखार घावासरशी चहूकडे उडतो, आणि जोरात मारले तर टोके घसरतात. हलका घाव जोड लावतो, नंतरचे जोरकस घाव त्याला आकार देतात. पुतण्या चार पावले मागे, तोंड वळवून. मी पूर्ण तोंडाचा पारदर्शक मुखवटा आणि बाह्या मनगटापर्यंत. टाकणखारासारख्याच कामाच्या काही तयार पुडींमध्ये (फ्लक्समध्ये) फ्लोराइड असते, ती बंद खोलीत वापरू नयेत.

२५ नोव्हेंबर

खपलीचा एक कण पुतण्याच्या मनगटावर बसला. लगेच वाहत्या गार पाण्याखाली हात, पूर्ण वीस मिनिटे, घड्याळ लावून. बर्फ नाही, तेल नाही, टूथपेस्ट नाही. हाताला अंगठी-घड्याळ असेल तर सूज यायच्या आत काढायचे. नंतर स्वच्छ प्लॅस्टिक फिल्म सैल गुंडाळली. तळहातापेक्षा मोठे, किंवा तोंडावर, सांध्यावर, किंवा पांढरे पडलेले भाजणे असेल तर घरी बघत बसायचे नाही, डॉक्टर.

२७ नोव्हेंबर

चकती आणि कोयंडा. चकतीला मधोमध उठाव हवा होता. पुतण्याची कल्पना होती की दोन वाट्या एकमेकींवर जोडून पोकळ बोंड करावे. दिसायला सुंदरच होईल. पण चारी बाजूंनी बंद पोकळीत ओलाव्याचा थेंब असला तरी भट्टीत त्याची वाफ होते आणि पोकळी फुटते. बंद टोकांचा पाइपही याच कारणाने कधी तापवायचा नाही. असे काही करायचेच असेल तर मोकळे भोक हवे, आणि ते तापवण्याआधी पाडलेले हवे. आम्ही एकच वाटी ठेवली, मागून उघडी, लाकडाला लागणारी.

कोयंड्याच्या दोन पायांसाठी चकतीत भोके पाडली. सुंबा एका बाजूने ठोकत नेला, खालून ऐरण लागल्याचा कडक आवाज आला की उलटले. मागे काळसर वर्तुळ दिसते. तिथेच सुंबा ठेवून गोल भोकावर आणले आणि भोकातली बारकी टिकली निखळली. सुंबा आत अडकू नये म्हणून भोकात चिमूटभर कोळशाची पूड.

तयार तुकडे वेगळ्या पत्र्यावर ठेवले आणि पत्र्यावर खडूने ‘गरम’ लिहिले. लाल असेपर्यंत कुणी हात लावत नाही. लाली गेल्यावर चारशे अंशांचे लोखंड थंड लोखंडासारखेच दिसते, आणि सगळ्यात जास्त भाजतात ते तिथे. उचलण्याआधी हाताची पाठ चार बोटांवरून फिरवून बघायची, तळवा नाही.

३० नोव्हेंबर

खिळे. ८ चा गज निमुळता, टोक काढले, खांदा पाडला, छिन्नीवर जवळजवळ तोडून खिळ्याच्या साच्यात घातला आणि उरलेला गज मोडून काढला. डोक्याला चार तिरके घाव आणि वर एक, एकाच तावात. सगळे एकदम करत बसलो नाही. हात थकला की खिळ्यांचे डोके एका अंगाला सरकते, आणि पुढची चूक बोटावर होते. अर्धे आज, अर्धे उद्या.

४ डिसेंबर

घासाई आणि लेप. ग्राइंडरच्या चकतीवर छापलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावा, गार्ड काढू नये, आणि आपण चकतीच्या रेषेत उभे राहू नये. तारेच्या चाकाच्या तारा सुटून कपड्यांतून आरपार जातात, त्यासमोर तोंड झाकलेले हवे. मोजे इथेही नाहीत.

दाराचा आतला भाग पावसात येत नाही, म्हणून कडे आणि चकती मेणावर. लोखंड इतके गरम, की मेण लावताच जरासा धूर निघावा, पेट घेऊ नये. कापडाने जास्तीचे पुसले. काळा रंग खोल उतरतो आणि घावांच्या खुणा दिसत राहतात. बिजागऱ्या बाहेरच्या, त्यांना उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात, मधे वाळवून.

जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकायच्या नाहीत. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेते आणि उष्णता सोडते. ढीग झाला की ती बाहेर पडत नाही आणि चिंध्या आपोआप पेटतात, कित्येक तासांनी, माणूस घरी गेल्यावर. काही चिंध्या बाहेर दोरीवर एकेक पसरल्या, बाकीच्या पाण्याने भरलेल्या झाकणाच्या लोखंडी डब्यात. भट्टी विझवल्यावर तासभर खोलीतच थांबलो, हत्यारे पुसत. अग्निशामक नळकांडे दाराशी, बाहेर पडायच्या वाटेवर. भट्टीच्या मागे असेल तर ऐनवेळी हात पोचत नाही.

७ डिसेंबर

बसवणे. दोन्ही खुंटे चौकटीत ठोकण्याआधी वरून ओळंबा सोडला. दोन्ही खुंट्यांवरच्या गोल खिळींच्या अक्षरेषा एकाच ओळीत नसतील तर दार फिरताना दोन्ही बिजागऱ्या एकमेकींशी भांडतात आणि चौकट फाटते. खालचा खुंटा आधी पक्का, वरचा अर्धवट, दार टांगून बघितले, मग वरचा पूर्ण. चौकटीच्या भोकांचा व्यास शेपटीच्या मध्याएवढा, लाकूड फुटू नये म्हणून.

खिळे दारातून आरपार, टोके आतल्या बाजूने लाकडाच्या रेषांना आडवी वळवून परत लाकडात. हे दोघांचे काम. मी बाहेरून डोक्याला जड हातोडी लावून धरली, पुतण्याने आतून टोके वळवली. त्याला म्हटले, “टोक आधी छोट्या गोल गजावर वळव, मग लाकडात ठोक.” सरळ ठोकलेले टोक आडवे न जाता मोडते.

खिळीवर ग्राफाइट मिसळलेले ग्रीस, आणि नळकांड्याखाली पितळी वॉशर, म्हणजे लोखंडावर लोखंड घासणार नाही. कडी कोयंड्यात सहज बसते, अर्ध्या मिमीचे अंतर उरते. लाकूड पावसाळ्यात फुगल्यावर ते पुरते का, ते बघावे लागेल. जुलैत एकदा येऊन वॉशर बघायचा, आणि बिजागऱ्यांना तेलाचा आणखी एक हात.